टिपणीसकाकांची शिफारस

अमेरिकेतल्या चँडलर गावातल्या मराठी माणसाला गाडी घ्यायची असली तर तो चार जणांना विचारायचा, घर घ्यायचं असलं तर दहा जणांना. पण गाणं ऐकायचं यंत्र घ्यायचं असलं तर एकाच माणसाला विचारायची पद्धत होती. तो माणूस म्हणजे डॉक्टर मोरेश्वर टिपणीस. पस्तीस वर्षं ऑपरेशनच्या टेबलावरच्या पेशंटांना भूल देऊन ते निवृत्त झाले होते. त्यांच्या पत्नी रत्नाकाकूंच्या मते मात्र त्यांनी तो व्यवसाय सोडलेलाच नव्हता. फक्त आता इंजेक्शनऐवजी ते स्पीकरबद्दल बोलून माणसं झोपवत असत.

घराच्या तीन गाड्यांच्या गॅरेजमधला एक भाग भिंत घालून काकांनी वेगळा काढला होता. त्या खोलीत माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर, भिंतींना जाड फोम आणि बरोबर मधोमध एकच खुर्ची. खुर्चीचे पाय कुठे टेकायचे तिथे जमिनीवर चिकटपट्टीच्या फुल्या मारलेल्या. डोकं दोन इंच डावीकडे गेलं तरी तंबोरा विस्कटतो, असं काकांचं म्हणणं. वायरी जमिनीला लागू नयेत म्हणून त्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेल्या. खोलीला वेगळा एसी होता, पण त्याची घरघर गाण्यात मिसळते म्हणून ऐकताना तो बंद. ॲरिझोनातल्या जून महिन्यात, बाहेर डांबर मऊ पडलेलं असताना, काका बनियनवर, डोक्याला ओला पंचा गुंडाळून त्या बंद खोलीत भीमपलास ऐकत बसायचे. अर्ध्या तासाने लालबुंद होऊन बाहेर यायचे, ताकाचे दोन पेले रिचवायचे आणि म्हणायचे, "काय स्वच्छ आवाज आहे!"

अशा या काकांना दोन हजार चारच्या जूनमध्ये एका शनिवारी सकाळी यतीन देशकरचा फोन आला. यतीन मूळचा नागपूरचा, चँडलरमधल्या चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, वय बत्तीस, स्वभाव असा की कुणी 'गुड मॉर्निंग' म्हटलं तरी खूश व्हायचा.

"काका, स्पीकर घेतले! तुमच्या लेव्हलचे! लगेच या, प्लीज. रुचा साबुदाणावडे करतेय."

वड्यांमुळे काका गेले.

दिवाणखान्यात काळ्या चकचकीत लाकडी खोक्यांची जोडी उभी होती. प्रत्येकावर आवाज काढणारे तीन गोल कोन, आणि खाली सोनेरी अक्षरांत 'फॉन श्ट्राडेन, व्हिएन्ना'. काकांना जगातल्या सगळ्या स्पीकर कंपन्या ठाऊक होत्या. ही त्यांत नव्हती.

"कुठे मिळाले?"

"ती तर गंमत आहे काका! ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये एक पांढरी व्हॅन आली. दोघं जण होते. म्हणाले, आम्ही एका स्टुडिओत डिलिव्हरी करतोय, गोदामवाल्याने चुकून एक जोडी एक्स्ट्रा टाकली, परत नेली तर त्याची नोकरी जाईल. ब्रोशरवर किंमत चोवीसशे! मी एकशेऐंशीला पाडली!"

पांढऱ्या व्हॅनवाल्यांची गोष्ट काकांनी मासिकांत कितीदा वाचली होती. सगळ्या अमेरिकेत हे लोक पार्किंग लॉटमधून खोकी विकत हिंडत, आणि गोदामवाल्याची ती नोकरी रोज नव्याने धोक्यात येत असे. पण यतीनचा चेहरा दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा उजळलेला होता. त्याने सीडी लावली.

काकांनी डोळे मिटले. पत्र्याच्या डब्यात दोन-चार गांधीलमाश्या कोंडून त्यांना भावगीत म्हणायला लावावं, तसा आवाज आला. डग्गा कुठेच नव्हता. गायिका बहुधा नाक धरून गात होती.

"कसा वाटला?" यतीनने विचारलं.

"असा आवाज," काका शब्द निवडत म्हणाले, "मी आयुष्यात ऐकलेला नाही."

यतीनने आनंदाने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. स्वयंपाकघराच्या दारात झारा घेऊन उभी असलेली त्याची बायको रुचा काकांकडे बघत राहिली आणि वडे तळायला परत गेली.

घरी येईपर्यंत काकांना इतकं हसू आलं की एका सिग्नलला मागच्याला हॉर्न द्यावा लागला. मराठी मंडळाचं तिमाही पत्रक निघायचं होतं, आणि संपादक सुचित्रा महिनाभर त्यांच्या मागे लागली होती की काका, संगीतावर काहीतरी लिहा. काकांनी दुपारी बैठक मारली आणि एका दमात लेख लिहिला. मग तो रत्नाकाकूंना वाचून दाखवला.

"'फॉन श्ट्राडेन स्पीकरांत डग्गा ऐकू येत नाही, अशी तक्रार कोत्या मनाचे लोक करतील,'" काका वाचत होते. "'परंतु डग्ग्याचा हा विनय आहे. गायिका गात असताना मध्ये बोलू नये, हे त्याला इथे प्रथमच समजले आहे. महागड्या स्पीकरांसमोर माणसाला एका खुर्चीत खिळून बसावे लागते. हे स्पीकर मात्र लोकशाहीवादी आहेत. तुम्ही कुठेही बसा, सारखेच ऐकू येते. आवाजात असा काही धातूचा कस आहे की पितळी भांड्यांच्या दुकानात उभे राहून गाणे ऐकल्याचा आनंद मिळतो. मी तीस वर्षे आणि एका गॅरेजचा तिसरा हिस्सा व्यर्थ घालवला, अशी माझी खात्री झाली आहे. एका खोलीत ते उत्तम वाजतात, पलीकडच्या खोलीतून अधिक उत्तम, आणि मधले दार बंद केल्यास सर्वोत्तम.'"

काकूंना हसू आलं, पण त्या म्हणाल्या, "लोकांना कळेल का हो, ही थट्टा आहे ते?"

"न कळण्याइतका मठ्ठ एकही माणूस आपल्या मंडळात नाही."

"आणि यतीन?"

"मी त्याचं नाव कुठे घेतलंय?" काका म्हणाले, आणि लेख पाठवून दिला.

पत्रकात जागा कमी होती. सुचित्राने गणपती उत्सवाच्या वर्गणीची चौकट बसवायला लेखाच्या शेवटच्या ओळी कापल्या, त्यात बंद दारही गेलं. लेखाला नाव नव्हतं म्हणून तिने आपल्या मनाने दिलं, 'टिपणीसकाकांची शिफारस', आणि शेजारी काकांचा कोटातला फोटो छापला.

पत्रक आलं त्याच दिवशी पहिला फोन आला. "काका, थँक्यू! इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, चांगलं म्हणजे महाग. तुम्ही डोळे उघडलेत." दुसरा फोन आला, तिसरा आला. काका सुरुवातीला "अहो, ते..." म्हणून बघत, पण पलीकडचा माणूस इतका भारावलेला असे की वाक्य पुरं होत नसे. रविवारी यतीनचाच फोन आला.

"काका, कमाल झाली! लेख वाचून सगळे माझ्या मागे लागले. काल परत त्या पार्किंग लॉटमध्ये गेलो, तर व्हॅन तिथेच! आपल्या मंडळाच्या सात फॅमिली घेऊन गेलो. त्या दोघांना आधी वाटलं, आपण भांडायला आलो. एकजण तर पळायच्या बेतात होता. मी सांगितलं, एक्सपर्टने रेकमेंड केलंय. दोघं एकमेकांकडे बघतच राहिले यार! ग्रुप डिस्काउंट दिला."

काकांनी फोन ठेवला आणि जिन्याच्या पायरीवर बसले.

"सात घरं," ते काकूंना म्हणाले. "माझ्या शब्दावर सात घरांनी कचरा विकत घेतला."

"आठ. यतीनचं धरून."

"त्याने आधीच घेतला होता."

"तो घेतल्यावर तुम्ही त्याला काय म्हणालात, ते आठवा," काकू म्हणाल्या. "आता जा आणि सांगा. माणसाला न सांगता तुम्ही कधी भूल दिली नाहीत ना? मग ही का दिलीत?"

काका त्याच संध्याकाळी गेले. सोबत, का कोण जाणे, स्क्रू ड्रायव्हरची पेटी घेतली. रिकाम्या हाताने कबुली द्यायला त्यांना अवघड वाटत असावं. यतीनने दार उघडलं आणि पेटी बघून तो म्हणाला, "वा काका, तुम्हाला कळलं कसं? मी तुम्हाला बोलावणारच होतो. सगळ्यात वरचा छोटा कोन आहे ना, त्यातून काहीच येत नाही. मी म्हटलं, फार हाय फ्रीक्वेन्सी असेल, आपल्या कानांना नसेल ऐकू येत."

काकांनी खोका आडवा केला, मागचे आठ स्क्रू काढले आणि पाठ उघडली. काका, यतीन आणि रुचा, तिघांनी आत वाकून पाहिलं. वरच्या छोट्या कोनाला मागे काहीच नव्हतं, एक तारसुद्धा नाही. तो नुसता चिकटवलेला होता. मधल्याची तीच गत. खोक्याच्या तळाशी, खोकं जड लागावं म्हणून, सिमेंटचा एक गोळा होता, आणि गोळ्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे उमटलेले होते.



"काका," यतीन म्हणाला, "मग तुम्ही तो लेख..."

"थट्टा होती ती." काकांनी चष्मा काढला. "पहिल्या दिवशी ऐकताच मला समजलं होतं की तुला फसवलंय. तुला सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी घरी जाऊन हसलो, आणि मग लिहिलं. शब्द चांगले सुचत गेले, आणि मी लिहीत गेलो."

यतीनचे कान लाल झाले. "म्हणजे तुम्ही माझीच उडवलीत. आणि मी त्याची झेरॉक्स काढून ऑफिसमध्ये लावली."

"हो. चूक झाली माझी."

रुचा जमिनीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "मला पहिल्याच पॅराग्राफला कळलं होतं, काका."

"काय?" यतीन वळला. "मग बोलली का नाहीस?"

"तू तो लेख तुझ्या बाबांना फोनवर वाचून दाखवत होतास. कसं बोलणार?"

यतीनने सिमेंटचा गोळा बाहेर काढला, हातात तोलून पाहिला. काकांना वाटलं, आता तो रागावून उठून जाईल. पण त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. सात घरांतले असेच सात-दुणे-चौदा गोळे त्याला दिसायला लागले असावेत. तो आधी फुसकन हसला, मग रुचा हसली, आणि मग दोघं असे हसत सुटले की काकांना आपणही हसावं की नाही, ते कळेना.

"ठीक आहे," यतीन डोळे पुसत म्हणाला. "पण तुम्ही असे सुटणार नाही, काका. खोकं आहे, एक कोन वाजतोय. वर बारीक आवाजाचा खरा कोन, म्हणजे ट्वीटर बसवायचा, दोन तारा जोडायच्या. पार्ट्स मी आणतो, फार महाग नाहीत. सोल्डरिंग तुम्ही करायचं. सगळ्या घरांत."

काकांनी मान्य केलं. आधी सातही घरी फोन करून खरं काय ते सांगितलं. एकाने पंधरा मिनिटं तोंडसुख घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग येताय कधी? जेवायलाच या." एका घरच्या बाईंना तर ही बातमी पटेचना. "थट्टा कसली, काका? तुम्ही लिहिलंय ते शब्दन् शब्द खरं आहे. कुठेही बसलं तरी सारखंच ऐकू येतं!"

जुलै-ऑगस्टचे सगळे शनिवार त्या कामात गेले. यतीन गाडी चालवायचा, काका पुढच्या सीटवर पेटी मांडीवर घेऊन बसायचे. दुसऱ्या खेपेपासून रत्नाकाकूही निघाल्या, कारण घरोघरी होणाऱ्या स्वयंपाकाची वर्णनं त्यांना ऐकवत नव्हती.

काकांनी तीस वर्षांत दुसऱ्यांच्या घरी गाणं कसं ऐकतात ते पाहिलंच नव्हतं. एका घरी एक स्पीकर फ्रिजवर होता आणि दुसरा लांब तार ओढून गॅरेजमध्ये. काका हादरून म्हणाले, "अहो, रेकॉर्डिंग दोन बाजूंना वाटलेलं असतं. तुमच्याकडे गायिका गॅरेजमध्ये आणि तबला स्वयंपाकघरात होत असेल!" त्या घरची बाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बरंच आहे. मला तबलाच आवडतो." दुसऱ्या एका घरी स्पीकरवर चढून दोन मुली उड्या मारत होत्या. काकांनी नवा ट्वीटर बसवून आवाज लावला, तेव्हा त्यांतली धाकटी म्हणाली, "अंकल, कॅन यू मेक इट लाऊडर?" काकांनी मोठा केला. कुकरने शिट्टी दिली, कुणीतरी मागच्या खोलीतून गाण्यात चुकीचे शब्द घातले, आणि काका तारा गुंडाळायचं विसरून बराच वेळ तिथेच मांडी घालून बसून राहिले. परतताना ते यतीनला म्हणाले, "आवाज अजूनही भिकार आहे, हं." पण त्या बोलण्यात नेहमीचा जोर नव्हता.

शेवटचं घर प्रताप आणि हिमानी यांचं होतं. प्रतापचे वडील मनोहरराव सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते. वय एक्याऐंशी, कानांनी जवळजवळ अधू. कानातलं मशीन त्यांना सहन होत नसे, खरखरतं म्हणून खिशात ठेवत. दिवसभर घरात एकटे, टीव्हीवरचं कळत नाही, बाहेर ऊन असं की चपला चिकटाव्यात. काका पोहोचले तेव्हा मनोहरराव जमिनीवर स्पीकरला टेकून, एक हात खोक्याच्या पाठीवर ठेवून अभंग ऐकत होते.

काकांनी पेटी उघडताच ते जोरात म्हणाले, "काय करताय?"

"दुरुस्ती!" काकाही ओरडून म्हणाले. "आवाज सुधारतो!"

"हात लावू नका!" मनोहररावांनी खोक्याला मिठी मारली. "सहा वर्षांनी मला शब्द ऐकू येतायत. साताऱ्याला टेप आहे, नातवाने आणलेला मोठा डेक आहे, सगळ्यांत नुसतं घुमतं. ह्यात शब्द येतो! टणटण, एकेक!"

काकांच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला. वरचा बारीक आवाज म्हाताऱ्याला तसाही ऐकू येत नव्हता, खालचा घुमारा शब्दांवर बसत होता. या भामट्या खोक्यात वरचं नाही, खालचं नाही. उरतो तो मधला पत्र्यासारखा आवाज, आणि माणसाच्या बोलण्याची अक्षरं नेमकी तिथेच असतात. व्हॅनवाल्यांनी नकळत एका माणसासाठी अगदी मापाचा स्पीकर बनवला होता.

काकांनी स्क्रू ड्रायव्हर पेटीत परत ठेवला. "उत्तम आहे," ते ओरडून म्हणाले. "याच्यात सुधारण्यासारखं काही नाही!" आणि या वेळी ते खरोखर तसंच म्हणत होते. मग तेही खाली बसले आणि त्यांनी खोक्याच्या दुसऱ्या बाजूला हात टेकवला. लाकूड बारीक थरथरत होतं. मनोहररावांनी त्यांना खूण केली, हां, तिथे नाही, जरा वर. काकांनी हात वर सरकवला.

त्यानंतर काका आठवड्यातून दोनदा तिथे जाऊ लागले, घरून सीडी घेऊन. मनोहरराव प्रत्येक गाण्यानंतर मोठ्याने मत द्यायचे. काकांचे दोन लाडके गायक त्यांनी "तोंडात सुपारी धरून गातो" म्हणून बाद केले. काकांनी घरी जाऊन ते गायक परत ऐकले आणि काकूंना म्हणाले, "म्हातारा बरोबर बोलतोय गं."

ऑक्टोबरात मनोहररावांचं परतीचं तिकीट होतं. स्पीकर घेऊन जाणार, असा त्यांनी हट्ट धरला. प्रताप म्हणाला, तिकडे नवीन घेऊन देतो. ते ऐकेनात. शेवटी असं ठरलं की बॅगेत एकच मावतो, दोनांपैकी एक न्यायचा.

"कुठला?" प्रतापने विचारलं. "दोन्ही सारखेच तर आहेत."

"असं कसं सारखे?" टिपणीसकाका म्हणाले. "ऐकून ठरवायचं."

निघायच्या आदल्या शनिवारी दुपारी काका वही-पेन घेऊन आले. दोन्ही स्पीकर भिंतीपासून मोजून दोन फुटांवर ठेवले. मनोहररावांना समोर बसवलं. एकच अभंग, आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग उलट क्रमाने. हिमानीने मधे मधे चिवडा आणून ठेवला. यतीन तारा बदलत होता. काका वहीत खुणा करत होते. मनोहरराव दर वेळी हात खोक्यावर ठेवून, डोळे मिटून, गंभीरपणे ऐकत होते. सहा फेऱ्या झाल्या.

"डावा," मनोहरराव शेवटी म्हणाले. "ह्यात जरा जास्त जीव आहे. उजवा शब्द गिळतो. काय, डॉक्टर?"

काकांनी स्वतः पुन्हा दोन्ही ऐकले. कान खोक्याला लावून ऐकले, लांब उभं राहून ऐकले, स्वयंपाकघरात जाऊन ऐकले. इतक्या वर्षांत तारेच्या लांबीतला फरक सांगणाऱ्या टिपणीसकाकांना त्या दोन खोक्यांत फरक म्हणून कळेना. यतीन त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"बरोबर," काका ओरडून म्हणाले. "डावाच!"

आणि ते गुडघ्यावर बसून, दोन गोधड्यांत डावा स्पीकर गुंडाळायला लागले.